मुखरूमामाला चढलेली झिरो-झिरो

साकोलीला हायवेच्या कडेला एक नवीन काचेचं दुकान झालंय. परवा तिथल्या फ्रिजसमोर मी उभा राहिलो आणि आपण थंड पाण्याची बाटली घ्यायला आलोय, हेच विसरून गेलो. आत आंब्याच्या आणि लिंबाच्या बाटल्यांना खेटून बिनदारूच्या बिअरचे डबे मांडले होते. डब्यावर ठसठशीत दोन शून्यं, मध्ये एक टिंब. दुकानदार म्हणाला, "घ्या ना काका, चढत नाही यानं."

चढत नाही! त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. या डब्यानं माणसाला चढते की नाही, हा प्रश्न नागपूर-मुंबईच्या विद्वानांनी कागदावर सोडवला असेल. आमच्या गावात तो एका माणसाचा जीव पणाला लावून, भर दुपारी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोडवला गेलाय. त्या माणसाचं नाव मुखरू.

मुखरूमामा आमच्या गावचा पाणकर. तलावाखाली धानाच्या जेवढ्या बांध्या, म्हणजे खाचरं, आहेत, त्यातल्या कोणत्या बांधीला कधी आणि किती पाणी जायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. कलेक्टर जिल्ह्याचा, तहसीलदार तालुक्याचा, पण धान गर्भी आल्यावर आमच्या गावात विचाराल तर हे दोघंही मुखरूमामाच्या हाताखाली.

अंगानं तो इतका वाळलेला होता की पाण्यात बुडायला त्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत. भुवया मात्र अशा दाट, की पावसात त्याच्या डोळ्यांना छत्री लागत नसे. रोज सकाळी तो तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचा, तोंडातल्या तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. मग दिवसभर कोणी वाद घालायला आला की त्याचं एकच उत्तर: "मी नाई बोलून राहिलो बाप्पा, पान्यानं सांगतलं." पाण्याशी वाद घालायला कोण जाणार? लोक गप्प परत जायचे.

पाण्याखाली तो किती वेळ राहायचा, याबद्दल गावात एकमत नाही. जुनी माणसं सांगतात, तो खाली गेला की बायका घरी जाऊन भात रांधून यायच्या. त्यानं एकदा पाण्याखाली बिडी पेटवली, असंही म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, खोटं कशाला सांगू. मी फक्त धूर पाहिला.

आत्ताचे आमचे सरपंच देवचंद. तेव्हा ते सरपंच नव्हते, नुसते देवचंद होते. त्यांच्या बांध्या पाटाच्या अगदी शेपटाला, पाणी पोचता पोचता म्हातारं व्हायचं. एका वर्षी त्यांनी मुखरूमामाच्या घरी जिवंत कोंबडा पाठवला. मामानं कोंबडा ठेवून घेतला, कापला, रस्सा केला, दोन वाट्या देवचंदच्या घरीही पाठवल्या. आणि पाणी दिलं ते नंबर आल्यावरच. देवचंद तणतणत पाळीवर आले, तर मामा म्हणाला, "देवचंद, कोंबडा पोटात गेला. पानी पाटात जाते. दोघायची वाट येगळी हाय ना जी."

असा माणूस. त्याच्यात एकच ऐब होती आणि ती साऱ्या गावाच्या संमतीनं होती. तो प्यायचा.

रोज नाही. पण पाण्यात उतरायचं असलं की मोहाची घेतल्याशिवाय पाय ओला करायचा नाही. आमच्या भागातल्या जुन्या तलावांना तुडूम असतो. म्हणजे पाळीला लागून पाण्यात बांधलेला दगडी खांब, त्याला वरपासून खालपर्यंत भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या ठोकलेला. पाणी उतरत जाईल तसा खालचा दट्ट्या काढायचा, की पाणी खांबाच्या पोटातून पाळीपलीकडच्या पाटात सुटतं. वरचे दट्टे कोणीही काढेल. सगळ्यात खालचा पाण्यात बुडी मारूनच काढावा लागतो. आणि दट्ट्या निघाला रे निघाला की ते भोक समोर येईल ते ओढायला लागतं. हात वेळेत मागे घेतला नाही तर आधी हात जातो, मागून माणूस. मुखरूमामाचा बापही पाणकरच होता. तो त्याच भोकापाशी गेला. पाणी सुटलं म्हणून पाटाकडे गाव नाचत होतं, आणि इकडे म्हातारा वर आलाच नाही.

त्यामुळे मामा प्यायला तर गाव काही बोलत नसे. अगदी सुरुवातीला एकदा तो न पिता उतरायला निघाला होता. गुडघ्यापर्यंत गेला आणि उलटा फिरला. "काय झालं मामा?" तर म्हणे, "श्वास घरीच राह्यला." घरी जाऊन मोहाची घेतली, श्वास सापडला, मग उतरला.

त्याला चढली हे ओळखायच्या पायऱ्या गावाला पाठ होत्या. पहिल्या पायरीला तो भेटेल त्याला जावईबापू म्हणायचा, मग समोर बैल का असेना. दुसऱ्या पायरीला कोणत्या तरी झाडाला आपला साळा समजून शिव्या घालायचा. एका लग्नात त्यानं मांडवाजवळच्या आंब्याला, बहीण दिलीस तेव्हा मानपान केला नाहीस म्हणून, असा झापला की त्या वर्षी आंब्याला बहर आला नाही. तिसऱ्या पायरीला तो एकदम गप्प व्हायचा, डोळे तलावाकडे लागायचे, आणि मग तो उतरायचा.

मी सांगतोय त्या वर्षी होळीनंतर मामा हळदीसारखा पिवळा पडला. साकोलीच्या डॉक्टरनं जनामामीला बाजूला घेऊन सांगितलं, की यापुढे एक घोट जरी पोटात गेला तरी हा माणूस हाती लागणार नाही. जनामामी म्हणजे मुखरूमामाची बायको. उंचीनं त्याच्या खांद्याला लागायची, पण तिच्या आवाजानं तलावातली बदकं उडायची. घरी येऊन तिनं मोहाचं मडकं उकिरड्यावर फोडलं आणि नवऱ्याला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "खा शपथ." मामानं खाल्ली. आणि आश्चर्य म्हणजे पाळली.

आता खरी गोष्ट.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच पाठ फिरवून गेला. धान पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि बांध्यांना भेगा. तलावात पाणी होतं, पण तुडमाच्या खालच्या भोकापुरतंच. देवचंद आता सरपंच झाले होते. त्यांनी ऑफिसात फेऱ्या मारल्या. इंजिन लावून उपसायचं म्हटलं तर सगळ्या गावाचं धान भिजवायला ते थेंब-थेंब. खालचा दट्ट्या निघाल्याशिवाय काही खरं नव्हतं, आणि तो काढणारा माणूस एकच.

मामा म्हणाला, "मी उतरतो. पन न पिता मले जमत नाई."

जनामामी म्हणाली, "पेले तं मरते."

दोघंही खरं बोलत होते, आणि मध्ये साऱ्या गावाचं धान उभं होतं. दोन दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. देवचंद सरपंच रात्रभर तळमळले असावेत, कारण सकाळी ते मोटरसायकलनं साकोलीला गेले आणि पिशवीत तीन डबे घेऊन आले.

आधी ते जनामामीकडे गेले. मी तिथे उभा होतो.

"मामी, हे बिअर हाय. पन यात दारू नाई."

"दारू नाई तं बिअर कायची?"

"वास तसा, चव तशी, फेस तसा. पन चढत नाई. लेकराले पाजली तरी काई होत नाई."

"लेकराले कायले पाजता वो तुमी? सरपंच हाय का कोन हाय?" असं म्हणत मामीनं एक डबा फोडायला लावला, बोट बुडवलं, चाटलं. तोंड असं वाकडं केलं की मला वाटलं आता सरपंचांना झाडूच बसतो. "माय वं! हे तं चिरायत्याचं कडू पानी. यानं कोनाले चढन? आजारी मानूस बरा होईन."  मग म्हणाली, "द्या त्याईले. पन दारू नाई मनून सांगू नका. सांगतलं तं उतरनार नाई."

ठरलं. दुपारी आम्ही पाळीवर जमलो. मी, देवचंद, जनामामी, आणि पलीकडे पाटाच्या तोंडाशी सारं गाव. मामीनं एकच अट घातली, की या वेळेस नवऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दोर आम्ही दोघांनी धरायचा.

मामा आला. डबा हातात घेतला, उलटासुलटा केला, बोटानं दोन शून्यांवरून फिरवलं आणि त्याच्या भुवया कपाळात गेल्या.

"झिरो झिरो?"

"हो," सरपंच म्हणाले. त्यांना वाटलं, पकडलं.

"पन्नास कोठी हाय?"

"काय?"

"झिरो झिरो पन्नास असते ना जी! कृषी केंद्रातली खताची पुडी. धान भरायच्या वक्ती फवारतो आपन. मंग याच्यावरतं पन्नास काहून नाई लिवलं?"

सरपंच माझ्याकडे बघायला लागले, मी आभाळाकडे. मामानंच उत्तर शोधलं. "समजलो. बाहेर लिवलं तं सरकार पकडन. पन्नास आत असन." आणि डब्याला कपाळ लावून म्हणाला, "बापा! तेवढीशी पुडी पंपात टाकली का दाना कसा टच्च होते. हे तं डबा भरून हाय. सांभाळून प्या लागन."

सांभाळून म्हणत म्हणत त्यानं पहिला डबा एका दमात रिकामा केला. मिशी पुसली. दुसरा उघडला.

दुसऱ्याच्या निम्म्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गोड हसला. "या जावईबापू. कवा आले?"

मी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच पिशवीत बघत होते, जणू पिशवीच्या तळाशी उत्तर असावं.

"असन," ते पुटपुटले. "सवय असते ना. सवयीनं बोलला असन."

मामा उठला. पाळीवर पळसाचं एक झाड आहे. त्याच्यापुढे उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवला. "काय बे! बहीन दिली तं काय उपकार केला का? पोयाच्या सनाले धोतर आनलं नाई तं नाई, वरतं तोंड करून उभा हाय लेका!" पळसानं ऐकून घेतलं. मामा त्याला ढकलायला गेला आणि तोल जाऊन त्यालाच मिठी मारून उभा राहिला. पाय लटपटत होते. डोळे लाल. अगदी, देवाशप्पथ, पळसाच्या फुलासारखे लाल.

मी तोपर्यंत हसत होतो. तिथे माझं हसू थांबलं.

कारण हा माणूस आता त्या भोकापाशी हात घालणार होता. मोहाची पिऊन तो गेलेला गावानं पाहिला होता, पण तेव्हा लिव्हर साबूत होतं. आणि हे डब्यातलं काय होतं, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यात दारू असेल तर डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही त्याला आत्ताच विष पाजलं होतं, आणि वर पाण्यात ढकलायला निघालो होतो. दारू नसेल, तर मग हे समोर काय चाललं होतं?

सरपंचांनी मोटरसायकलच्या आडोशाला जाऊन नागपूरला पोराला फोन लावला. पोरगा औषधांचं काही तरी शिकतो. फोन स्पीकरवर ठेवला.

"बाबा, त्यानं नाही चढत. दोन शून्यं आहेत ना डब्यावर? मग नाहीच. काही डब्यांत नावापुरती असते, पण पिकलेल्या केळातही तेवढी असते."

"लेका, केळं खाऊन कोनी पळसाले शिव्या देते का?"

"त्याला मनातून चढली असेल."

"मनातून चढली तं उतरते कशी?"

पोराला ते शिकवलेलं नव्हतं. म्हणाला, "बाबा, त्याला पाण्यात सोडू नका." आणि फोन कट.

आम्ही परत आलो तेव्हा मामा गप्प झाला होता. तिसरी पायरी. धोतर वर खोचलेलं, डोळे तलावाकडे. कमरेला दोर बांधायला त्यानं हात वर केले, लहान पोरासारखे. सरपंचांना गाठ जमेना, ती मला मारावी लागली.

"मामी, नका जाऊ देऊ," सरपंच कसंबसं म्हणाले. "धान गेलं तं गेलं. मी माया तोंडानं सांगतो गावाले."

पाटाकडून ओरडा आला, "सोडलं का जी?" कोणी शिट्टी वाजवली. मामा एक पायरी उतरला.

तेव्हा जनामामी पुढे झाली. तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला आपल्याकडे फिरवलं. तोंडाचा वास घेतला. तिला तो वास चाळीस वर्षं पाठ होता, पण डब्यालाही तसाच वास, त्यातून काय कळणार? मग तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"अवो. इकडे पाहा. मी कोन हाय?"

मला वाटलं, तिचंच डोकं फिरलं. मामा तिच्याकडे बघत राहिला. लाल डोळे, ओठांवर फेस वाळलेला.   मामाचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"कोन मंजे? पिंकीची माय."

मामीनं हात सोडले. "जा," ती म्हणाली.

तो पाण्यात शिरला, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, आणि गेला.

दोर हातातून सुटत होता तेवढ्यात मी मामीला विचारलं, आणि तिनं पाण्यावरची नजर न हलवता सांगितलं. आमच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. लेकराची माय म्हणतात. मुखरूमामानं जन्मभरात जनामामीचं नाव शुद्धीत कधी घेतलं नव्हतं. "खरी चढली का मले जना मन्ते," ती म्हणाली. "जना, ये जना. जावई न् झाड सोंगानं बी होते. नाव नाई होत." मग आवाज खाली आला. "नाई चढली त्याईले. शुद्धीत गेले."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. मला घाम फुटला. कारण शुद्धीत हा माणूस गुडघ्याच्या पुढे कधी गेला नव्हता.

दोर ताणला. मग सैल झाला. मग एक हिसका आला, इतका की सरपंच तोंडावर आपटता आपटता वाचले. पाण्यावर बुडबुडे आले आणि थांबले. आणि पाळीच्या पलीकडे एकदम गर्जना झाली.

"सुटलं! सुटलं वो! पानी सुटलं!"

थाळ्या वाजल्या. कोणी हलगी आणली होती, ती वाजली. पाटात माणसं नाचत होती, त्यांचा आवाज पाळीवरून आमच्या अंगावर येत होता. आणि इकडे पाणी सपाट.

"ओढा," जनामामी म्हणाली.

आम्ही ओढला. दोर आला. फार सहज आला. शेवटाला गाठ नव्हती, माणूस नव्हता, नुसतं ओलं टोक चिखलात येऊन पडलं.

सरपंच खाली बसले. मी त्या टोकाकडे बघत राहिलो, कारण पाण्याकडे बघायची हिंमत नव्हती. जनामामी ओरडली नाही. तिनं लुगडं कमरेला खोचलं आणि ती पाण्यात शिरली, जिला पोहता येत नाही ती बाई, सरळ, जणू स्वयंपाकघरात चालली आहे. मी धावलो, तिचा पदर हाताला लागला, तिनं हिसकून घेतला.

तेवढ्यात डावीकडे, बेशरमाच्या झुडपांमागे, कोणी तरी खोकलं.

मुखरूमामा झुडपाला धरून उभा होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एका हातात दट्ट्या, लेकराला धरावं तसा पोटाशी. दोराचं टोक भोकात ओढलं जायला लागलं, म्हणून त्यानं खाली गाठ सोडली होती आणि पाळीच्या दगडांना धरत धरत बाजूला निघाला होता. हे नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काहून रडून राह्यले जावईबापू?"

जनामामी तशीच पाण्यातून त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याच्या पोटात राहिलं असेल तेवढं तलावाचं पाणी बाहेर पडलं. "लाज नाई वाटत? पी पी पी! काय पेले तुमी? काय पेले? त्याच्यात दारू नोती! एक थेंब नोती! चिरायत्याचं पानी होतं!"

आम्ही सांगणार नव्हतो. तिच्या तोंडून गेलं.

मामानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरपंचांकडे. सरपंचांनी मान खाली घातली. मामाचे डोळे आमच्या डोळ्यांदेखत निवळले. लाली गेली, पायांची लटपट गेली, जावईबापू गेले. कोणी पडदा ओढावा तशी ती सारी झिरो-झिरो त्याच्या अंगातून निघून गेली, आणि मागे उरला एक साठी उलटलेला, ओला, हडकुळा माणूस.

"दारू नोती?"

"नाई जी, मामा," सरपंच म्हणाले.

"मंग मी कशावरतं गेलो?"

 तो पाळीच्या दगडावर बसला, आणि तेव्हा त्याला कापरं भरलं. दात वाजायला लागले. ऊन डोक्यावर होतं. मामीनं पदरानं त्याचं डोकं पुसलं, मी माझा शर्ट काढून दिला, तरी कापरं थांबेना. मग तो तुटक तुटक बोलला, आमच्याकडे न बघता. पिऊन उतरलं की खाली नुसता अंधार असतो. एकदा न पिता उतरायला गेला तेव्हा गुडघाभर पाण्यातूनच त्याला भोकापाशी बाप बसलेला दिसला होता. म्हणून परतला होता. तेव्हापासून पितो. "आज नाई दिसला," तो म्हणाला. "पेलो मनून नाई दिसला, असं समजून राह्यलो ना मी."

पाटाकडून माणसं नाचत त्याला खांद्यावर घ्यायला आली. त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. मामीचा हात धरून घरी गेला.

धान वाचलं. गावानं वर्षभर त्या डब्यावर विनोद केले. मामा दिसला की पोरं म्हणायची, "मामा, झिरो झिरो आनू का? पन्नास आतमंदी हाय." तो हसायचा नाही. सकाळी पाणी चाखायचा, पाण्याचे नंबर सांभाळायचा, पण तुडमाच्या बाजूला फिरकायचा नाही. त्या बाजूचा रस्ता लागला तर तो बांध्यांमधून वळसा घालून जायचा. चढत नाही म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून एवढंच सांगतो: डब्यानं चढत नसेल, पण डबा उतरतो तेव्हा काय काय उतरतं, ते मी पाहिलंय.

पुढे तलावाला चाकाचं लोखंडी दार बसलं. आता कोणीही चाक फिरवतो आणि पाणी सुटतं. मुखरूमामा गेल्या हिवाळ्यात गेला. अंगणातल्या खाटेवर, उन्हात, ठणठणीत कोरडा.

पण दार बसायच्या आदल्या हंगामात तो एकदा उतरला. पुन्हा पाणी कमी, पुन्हा तोच दट्ट्या. सरपंचांनी त्याला काही विचारलं नाही, या वेळेस इंजिनच आणलं होतं. मी सकाळी बांधीवर निघालो होतो. पाळीवर दोघंच दिसली. गाव नाही, हलगी नाही, डबा नाही. मामी दगडावर बसली होती. मामा गळाभर पाण्यात, तुडमाला हात लावून उभा. ऊन कोवळं होतं आणि त्याची हनुवटी पाण्यावर थरथरत होती, तिच्यापासून बारीक लाटा निघत होत्या. तो किती वेळ तसा उभा होता देव जाणे. मी जागच्या जागी थांबलो, पाऊल वाजू दिलं नाही.

"आज दिसन बाप," तो म्हणाला.

"दिसला तं पाया पडा," मामी म्हणाली. "आन मना, सून वाट पाहून राह्यली."

त्यानं मान हलवली. तोंड उघडून मोठा श्वास घेतला, पुरला नाही म्हणून पुन्हा घेतला, आणि डोळे उघडे ठेवून खाली गेला.